मोतीबिंदूनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग : दुसरी शस्त्रक्रिया आजच करावी का?

प्रश्न : पारोळेकर

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या बुधवारी तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा अंगणातल्या तुळशीचे पान न् पान दिसते असे ती आनंदाने सांगत होती आणि पुढचे तीन दिवस सगळे सुरळीत होते. रविवारी संध्याकाळी डोळा लाल झाला. "मना डोया ठणकस," एवढेच ती म्हणाली. सोमवारी शेतात कापूस वेचणीचे मजूर सांगितलेले होते, त्यामुळे आम्ही दिलेले थेंब चालू ठेवून तो दिवस तसाच काढला. मंगळवारी सकाळी मी तिच्यापुढे चहाचा कप धरला, तेव्हा तिचा हात कपाच्या चांगला वीतभर बाजूने गेला. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलेला असल्यामुळे तिचा सगळा भरवसा याच डोळ्यावर होता.

ज्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली तिथल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी आम्हाला जळगावच्या, डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) तज्ज्ञांकडे पाठवले. बाहुलीच्या खाली पूचा पांढरा थर साचला आहे आणि डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच दुपारी त्यांनी डोळ्यातले पाणी तपासणीसाठी काढून घेतले आणि आत दोन औषधांची इंजेक्शने दिली. मंगळवारी आईला डोळ्यासमोर हलवलेला हात कळत होता. आज गुरुवारी सकाळी फक्त बॅटरीचा उजेड कळतो. आज संध्याकाळीच व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतली गढूळ जेली काढण्याची शस्त्रक्रिया, करावी, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

घरात दोन मते आहेत. एकदा चिरलेला डोळा आठवड्याच्या आत पुन्हा चिरू नये, सलाईनमधून जोरदार औषध द्यावे, असे मामांना वाटते. वडील म्हणतात की रात्रीच्या गाडीने थेट मुंबईला जावे. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की या शस्त्रक्रियेने नेमके काय साधते, ती एक-दोन दिवस थांबून केली तर काय बिघडते आणि आईची दृष्टी परत येण्याची आशा कितपत धरावी. सोमवारचा तो एक दिवस माझ्या मनातून जात नाही. ज्यांना याची माहिती आहे त्यांनी कृपया आजच लिहावे.

उत्तर १ : दृष्टिपटल

पारोळेकर, मी मूळचा चोपडा तालुक्यातला असून गेली अठरा वर्षे पडद्याच्या शस्त्रक्रिया करतो. आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. परंतु आपण जे लिहिले आहे ते जसेच्या तसे असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : ही शस्त्रक्रिया जिथे आज होऊ शकते तिथेच आज करून घ्यावी. मुंबईतही डोळ्याला पाडलेल्या तीन बारीक छिद्रांतून हेच काम होईल, फक्त रात्रभराचा प्रवास, नव्याने केसपेपर आणि पुन्हा तपासण्या यांत एक दिवस जाईल. या आजारात तो दिवस डोळ्याच्या आतल्या पडद्याला महागात पडतो.

या आजाराला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. डोळ्याच्या मागच्या पोकळीत जेलीसारखा जो पारदर्शक भाग असतो, त्याला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे जंतू एकदा तिथे पोचले की शरीराच्या संरक्षक पेशी उशिरा येतात आणि जंतूंना वाढायला मोकळे रान मिळते. जंतू जी विषे सोडतात, त्यांनी आणि त्यांच्याविरुद्ध शरीर जी लढाई करते तिनेही, पडद्याच्या नाजूक पेशी मरतात. या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

मामांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. रक्त आणि पडदा यांच्यामध्ये निसर्गाने एक गाळणी ठेवली आहे. सलाईनमधून दिलेली बरीच औषधे त्या गाळणीतून पुरेशा प्रमाणात आत जात नाहीत. म्हणून औषध थेट डोळ्याच्या आत द्यावे लागते. बहुधा व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडीम २.२५ मिलिग्रॅम अशी जोडी दिली जाते, आणि प्रत्येक औषध एका मिलिलिटरच्या दहाव्या भागात सामावलेले असते. मधुमेही व्यक्तीच्या रक्तातून, उदाहरणार्थ यकृतातल्या गळवातून, जंतू डोळ्यात आले असतील तर मात्र सलाईनमधली औषधेही अत्यावश्यक असतात. आईंचा प्रकार तसा दिसत नाही.

शस्त्रक्रिया कधी करावी, या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि १९९५ साली प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूच्या किंवा नंतर लेन्स बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत असा संसर्ग झालेले ४२० रुग्ण त्यात होते. काहींना लगेच व्हिट्रेक्टॉमी केली, काहींचा फक्त नमुना घेतला, आणि डोळ्यात इंजेक्शन सर्वांनाच दिले. ज्यांना आल्यावेळी हाताची हालचाल किंवा त्याहून अधिक दिसत होते, त्यांच्यात दोन्ही मार्गांचा शेवट सारखाच झाला. ज्यांना फक्त उजेड कळत होता, त्यांच्यात मात्र मोठा फरक पडला : लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३३ टक्के लोकांना पुढे ६/१२ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येणारे अक्षर ६ मीटरवरून वाचता येणे) किंवा त्याहून चांगले दिसू लागले, तर केवळ इंजेक्शनवर राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ११ टक्के होते. दृष्टी जवळजवळ पूर्ण गमावणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २० टक्के आणि दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. सलाईनमधून दिलेल्या प्रतिजैविकांचा त्या अभ्यासात वेगळा फायदा दिसला नाही.

मंगळवारी आई हात ओळखत होत्या, म्हणून डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिले, हे योग्यच झाले. इंजेक्शननंतर दीड-दोन दिवसांनी डोळा सुधारण्याऐवजी ढासळला आणि आता फक्त उजेडच कळतो आहे, म्हणून पुढचे पाऊल उचलायचे आहे. अलीकडे बारीक उपकरणे आल्यामुळे अनेक शल्यचिकित्सक, विशेषतः युरोपातले, हात दिसत असतानाही लवकर शस्त्रक्रिया करावी असे मानतात. मधुमेही रुग्णांमध्ये मी स्वतःही त्याच बाजूला झुकतो.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो, म्हणजे "चिरणे" या शब्दाची भीती कमी होईल. डोळ्याभोवती भुलीचे इंजेक्शन देतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रे पाडतात. एकातून पाणी आत येत राहते, दुसऱ्यातून दिवा जातो आणि तिसऱ्यातून जेली बारीक कापून ओढून घेणारे कटर जाते. आत पाणी सोडण्यापूर्वी निखळ जेलीचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात, कारण डोळ्याच्या पुढच्या भागातून सुईने काढलेल्या पाण्याच्या थेंबापेक्षा या नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. मग मधोमध साचलेला पू आणि गढूळ जेली काढतात. हे करताना हात फार जपून चालवावा लागतो. संसर्ग झालेला पडदा ओल्या टिश्यू पेपरसारखा झालेला असतो आणि कडेकडेची जेली ओढण्याचा हट्ट केला तर तो फाटतो. म्हणून जितके सुरक्षितपणे निघेल तितकेच काढतात. शेवटी पुन्हा औषधे आत सोडतात. पडदा फाटलेला किंवा सुटलेला आढळला तर तो जागेवर धरून ठेवण्यासाठी आत सिलिकॉन ऑइल भरून ठेवतात आणि काही महिन्यांनी ते काढण्यासाठी आणखी एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. मोतीबिंदूच्या वेळी बसवलेली लेन्स बहुधा तशीच ठेवता येते, पण बुरशीचा संसर्ग असेल तर कधी कधी तीही काढावी लागते.

आशा कितपत धरावी, हे बरेचसे जंतूवर ठरते. आपल्या पापण्यांवर आणि त्वचेवर राहणारा सौम्य जातीचा स्टॅफिलोकोकस निघाला तर निकाल चांगले येतात. वर सांगितलेल्या अभ्यासात असे जंतू निघालेल्या रुग्णांपैकी ८४ टक्के लोकांची दृष्टी ६/३० किंवा त्याहून चांगली राहिली, आणि स्ट्रेप्टोकोकस निघालेल्यांत हेच प्रमाण ३० टक्के होते. काही डोळे सगळे करूनही हळूहळू आकसतात. वेदना असह्य झाल्या आणि उजेडही कळेनासा झाला तर डोळ्याच्या आतला भाग काढून टाकण्याची वेळ येते. आईंच्या बाबतीत ती शक्यता आज समोर नाही, पण संमतिपत्रावर ती लिहिलेली असेल, म्हणून आधीच सांगितले.

उत्तर २ : काळी माती

दादा, मी शिरपूरकडचा शेतकरी आहे. डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले आहे ते आमच्या घराने वेगळ्या रस्त्याने अनुभवले आहे. तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ वखराची पास हातोड्याने ठोकत होता, तेव्हा लोखंडाची कपची उडून त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. बाहेरून रक्ताचा थेंबही दिसला नाही. बुबुळाच्या कडेला तिळाएवढा काळा ठिपका होता. गावातल्या एका जाणत्याने डोळ्यात झाडपाल्याचा रस पिळला, आणि आम्ही तो पिळू दिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पापणी जांभळासारखी सुजली आणि डोळा उघडेना.

धुळ्याला नेले तेव्हा सीटी स्कॅनमध्ये कपची पडद्याजवळ दिसली. शेतातल्या मातीत बॅसिलस जातीचे जंतू असतात आणि ते एका दिवसात डोळा खाऊन टाकू शकतात, हे तिथे पहिल्यांदा कळले. रातोरात पुढच्या गावी हलवून व्हिट्रेक्टॉमी केली, चिमट्याने कपची काढली, ऑइल भरले. पाच महिन्यांनी ऑइल काढले. आज त्याचा डोळा शाबूत आहे, दुखत नाही, आणि एक मीटरवर धरलेली बोटे तो त्या डोळ्याने मोजतो. वाचता येत नाही, पण गाडीवान म्हणून बैल हाकताना डाव्या अंगाचे माणूस त्याला कळते. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले होते की ही शस्त्रक्रिया डोळा वाचवण्यासाठी आहे, आणि दृष्टी जी मिळेल ती पदरात पडेल. ते आधी सांगितल्यामुळेच आम्हाला नंतरचे झेपले.

तुमच्या आईचा डोळा आमच्यापेक्षा पुष्कळ बऱ्या स्थितीत आहे. वेळ घालवू नका. एक मात्र माझे मत आहे, की पहिल्या दवाखान्याशी आता बोलण्यात अर्थ नाही. झाले ते झाले, त्यांना कळवून तुमचाच वेळ जाईल.

उत्तर ३ : सातपुड्याच्या पायथ्याशी

मी नंदुरबार जिल्ह्यात शासकीय रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करते. काळी माती यांच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले, परंतु त्यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. पहिल्या रुग्णालयाला आजच फोन करून कळवावे. भांडणासाठी नव्हे. त्या बुधवारी त्याच टेबलावर आणखी काही जणांची शस्त्रक्रिया झाली असेल. द्रावणाच्या एखाद्या बाटलीत किंवा उपकरणात दोष असेल तर त्यांच्यापैकी कोणाचा तरी डोळा आज लाल होत असेल आणि तेही कपाशी वेचायला गेलेले असतील. एकट्याच रुग्णाला संसर्ग झाला असेल तर जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरचे निघतात. कोणतेही निष्कर्ष आज काढू नयेत, पण खबर मात्र आज द्यावी.

पारोळेकर भाऊ, संध्याकाळी जाताना मोतीबिंदूचे कार्ड आणि त्यावरचे लेन्सचे स्टिकर, मंगळवारी कोणते इंजेक्शन किती वाजता दिले त्याचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवावीत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती आधी सांगावी, स्वतःच्या मनाने बंद करू नये. भुलीचे इंजेक्शन असल्याने आईंनी काय आणि कधी खावे, हे आधी विचारून घ्यावे, कारण मधुमेह असताना दिवसभर उपाशी ठेवणे धोक्याचे ठरते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. मंगळवारच्या नमुन्याचा अहवाल प्रयोगशाळेत तयार झाला असेल, तोही मागून घ्यावा. जिवाणू बहुधा एक-दोन दिवसांत वाढतात, बुरशीला जास्त दिवस लागतात.

सोमवारच्या दिवसाबद्दल एक सांगते. अक्राणीच्या डोंगराळ भागातून जीपमध्ये लोंबकळत आलेले रुग्ण मी पाहते. त्यांतले कित्येक जण पाच-सहा दिवसांनी येतात, कारण डोळा लाल आहे पण दुखत नाही. वरच्या अभ्यासातही साधारण दर चार रुग्णांपैकी एकाला वेदना नव्हती. घरी पाठवताना आम्हीच लोकांना "दुखले तर या" असे सांगतो, ते चुकीचे आहे. "काल दिसत होते त्यापेक्षा आज कमी दिसले तर त्याच दिवशी या," असे सांगायला हवे. आपल्याला हे कोणी नीट सांगितले नव्हते, तर त्या दिवसाचा सगळा भार आपण स्वतःवर घेऊ नये.

पुन्हा पारोळेकर (सतरा दिवसांनंतर)

सर्वांचे आभार मानायला उशीर झाला. त्या गुरुवारी रात्री साडेआठला आईला आत नेले आणि दहाच्या सुमारास बाहेर आणले. ऑइल भरावे लागले नाही. पहिल्या रुग्णालयाला मी दुपारीच फोन केला. त्यांनी त्या दिवशीच्या सर्व रुग्णांना बोलावून तपासले. इतर कोणाला काही नाही, असे त्यांनी कळवले आणि दोन दिवसांनी त्यांचे डॉक्टर स्वतः आईला भेटून गेले.

अहवालात सौम्य जातीचा स्टॅफिलोकोकस निघाला. पहिले चार दिवस काहीच फरक नव्हता आणि मी फार निराश झालो होतो. पाचव्या दिवशी आईने खिडकीच्या गजांच्या उभ्या रेघा दिसतात असे सांगितले. आज तपासणीत तिने दोन मीटरवरून बोटे मोजली. तुळशीची पाने अजून दिसत नाहीत, कुंडी दिसते. डॉक्टरांच्या मते पडदा जागेवर आहे, मध्यभागी थोडी सूज आहे आणि पुढचे दोन-तीन महिने दृष्टी बदलत राहील. साखर आम्ही आता रोज सकाळी घरीच तपासतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे काय करावे? आई म्हणते की आता त्या डोळ्याला कोणालाही हात लावू देणार नाही. आणि घरी कोणत्या लक्षणांवर नजर ठेवावी?

उत्तर : दृष्टिपटल

फार बरे वाटले. बोटांपर्यंत आलेली दृष्टी सूज उतरल्यावर आणि चष्मा लागल्यावर आणखी सुधारू शकते, परंतु चष्म्याचा नंबर इतक्यात काढू नये.

डाव्या डोळ्याची घाई नाही. उजव्या डोळ्यातली जळजळ पूर्ण शमली, थेंब बंद झाले आणि साखर आटोक्यात राहिली की मग विचार करावा. त्या वेळी पापण्यांच्या कडांना कोंडा किंवा सूज नाही ना आणि अश्रूंची नळी उघडी आहे ना, हे आधी तपासून घ्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन टाकणे ही सर्वांत भरवशाची खबरदारी आहे. शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडण्याची पद्धतही आता आपल्याकडे रुळली आहे. अरविंद नेत्र रुग्णालयांतल्या सहा लाख शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात या औषधामुळे संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलेले दिसले. आईंना आकडे सांगून उपयोग होणार नाही, हे मला माहीत आहे. डाव्या डोळ्याच्या आधी त्यांची त्या शल्यचिकित्सकांशी निवांत भेट घडवावी आणि त्यांना मनातले सगळे विचारू द्यावे.

आता लक्षणांचे. संसर्गानंतर आणि व्हिट्रेक्टॉमीनंतर पडदा सुटण्याचा धोका काही महिने राहतो. डोळ्यासमोर अचानक विजेसारखे लखलखले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखा दिसला, किंवा एका कडेने काळा पडदा सरकत येतो आहे असे आई म्हणाल्या, तर त्याच दिवशी जळगाव गाठावे, शेतात मजूर असले तरी. रोज सकाळी डावा डोळा हाताने झाकून उजव्याने ती तुळशीची कुंडी पाहायला सांगावे, आणि कालच्यापेक्षा आज धूसर वाटते का, एवढेच विचारावे.